आधी पेट्रोल, मग रोमेल : वाळवंटी वॉरगेम गावात बसून कसे खेळावे, कसे जमवावे

वाळवंटातल्या लढायांचा पटावरचा खेळ, म्हणजे वॉरगेम, पहिल्यांदा उघडला की नवा माणूस टँकच्या सोंगट्या शोधतो. जर्मन सेनापती रोमेल कुठाय, त्याची एकविसावी पँझर, म्हणजे टँकांची डिव्हिजन, कुठाय, ते बघतो. मी म्हणतो, आधी रसदीच्या सोंगट्या मोजा. मी राळेगाव तालुक्यात एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, खाली झाला की परत घ्यायचा, मधला फरक तो माल. धंदाच असा असल्यामुळे असेल, पण दुसऱ्या महायुद्धातली, उत्तर आफ्रिकेतली १९४० ते १९४३ ची मोहीम मला टँकांची कधी वाटलीच नाही. ती ट्रकांची मोहीम आहे.

हिशोबच करून बघा. मोटारींवर चालणाऱ्या एका जर्मन डिव्हिजनला पाणी धरून दिवसाला साधारण ३५० टन सामान लागायचं. आमच्या काट्यावरच्या दहा टनी गाडीच्या मापानं रोजचे पस्तीस ट्रक. त्यांच्याकडे होत्या दोन-दोन टनी गाड्या, म्हणजे १७५. त्याही त्रिपोलीच्या बंदरातून इजिप्तच्या सीमेपर्यंत दीड हजार किलोमीटरच्या घरात पळवायच्या, आणि जातायेताचं पेट्रोल त्याच मालातून काढायचं. गाडी पोचून परत यायला जितके दिवस, तितक्या पट गाड्या. हे एकदा डोक्यात बसलं की नियमपुस्तिकेतलं रसदीचं प्रकरण कंटाळवाणं वाटत नाही, उरलेली पुस्तिका त्याच्यासाठीच लिहिली आहे असं वाटतं.

पुढचं सगळं गावात राहणाऱ्यासाठी आहे. दुकान जवळ नाही, जोडीदार कधी आहे कधी नाही, आणि लाइनचा भरवसा नाही, अशांसाठी.

पटावर काय असतं

थोडक्यात सांगतो. नकाशा, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, आणि अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, ज्यांना खेळणारे काउंटर म्हणतात. काउंटरवर तुकडीची खूण आणि खाली आकडे: हल्ल्याचा, बचावाचा, चालीचा. फासा असतो आणि निकालाचा तक्ता असतो. हा साचा अमेरिकेतल्या ॲव्हलॉन हिल कंपनीनं रुळवला. तिचा संस्थापक चार्ल्स रॉबर्ट्स. १९५८ साली त्यांचा गेटिसबर्ग हा खेळ निघाला तेव्हा त्यावर चौकोनी घरं होती, षटकोनी घरं १९६१ पासून आली. १९६४ साली रॉबर्ट्सनं आफ्रिका कोर हा खेळ केला (रोमेलच्या जर्मन फौजेचं हे नाव), आणि वाळवंटी खेळांची खरी सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

नव्या माणसानं वाळवंटापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. रशियाच्या आघाडीचा खेळ घ्याल तर काउंटर मांडण्यातच दुपार जाते. आफ्रिकेत सैन्य थोडं. उत्तरेला समुद्र, किनाऱ्यानं जाणारा एकच धड डांबरी रस्ता, दक्षिणेला मोकळं रान. बाजू वळवून मागून यायला जागाच जागा. घोळ फक्त एवढाच की रस्ता सोडून जितकं आत शिराल तितकी रसद लांबते.

आणि ही मोहीम झोका घेते. डिसेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी ऑपरेशन कंपास सुरू केलं. पहिल्याच दिवशी इटलीच्या निबेवाच्या छावणीवर जी फौज चालून गेली तिच्यात चौथी भारतीय डिव्हिजन होती. फेब्रुवारीत बेडा फॉमला इटलीची दहावी आर्मी संपली, सुमारे १,३०,००० कैदी. १२ फेब्रुवारी १९४१ ला रोमेल त्रिपोलीत उतरला आणि एप्रिलात इजिप्तच्या सीमेवर. नोव्हेंबरात ब्रिटिशांच्या क्रुसेडर मोहिमेनं त्याला परत अल अघेलापर्यंत रेटलं. २१ जानेवारी १९४२ ला तो पुन्हा निघाला, मे-जूनमध्ये गझालाची लढाई जिंकली, जुलैत अल अलामेनला अडकला. दर वेळी जो जिंकत गेला त्याची रसद ताणली आणि जो हरत गेला तो आपल्या गोदामाजवळ सरकला. चांगला वाळवंटी खेळ तोच, ज्यात हा झोका नियमात लिहिलेला नसतानाही आपोआप येतो.

पहिला खेळ कोणता घ्यावा

घरात कुणालाच सवय नसेल तर अनडॉन्टेड: नॉर्थ आफ्रिका घ्या. ऑस्प्रे गेम्सनं २०२० साली काढला. ब्रिटिशांची वाळवंटात टेहळणी करणारी तुकडी, लाँग रेंज डेझर्ट ग्रुप, विरुद्ध इटालियन, पत्त्यांवर चालणारा, तासाभरात आटपणारा. यात रसदीचा हिशोब जवळजवळ नाही, म्हणजे माझ्या हिशोबानं तो अर्धाच वाळवंटी खेळ आहे, पण दहावीतला पोरगाही एका बैठकीत शिकतो. मेमॉयर '४४ चा भूमध्य समुद्राचा विस्तारसंचही त्याच पंगतीतला. पण त्याला मूळ खेळ आधी घ्यावा लागतो, म्हणजे दोन खर्च.

दुसरी पायरी आफ्रिका कोर किंवा रोमेल इन द डेझर्ट. यांच्याबद्दल पुढे नीट बोलतो.

तिसरी पायरी डीएके. डीन एसिगनं केलेला, १९९७ साली निघालेला, ऑपरेशनल कॉम्बॅट सीरीजमधला खेळ. यात रसदीचा टन न् टन वाहून न्यावा लागतो. मोठा नकाशा, मोठा डाव. ज्याला काट्यावर बसायची सवय आहे त्याला हा खेळ आवडतो, बाकीच्यांनी दोनदा विचार करावा.

आणि एक खेळ ऐकून ठेवा, घेऊ नका: द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका. एसपीआय कंपनी, १९७९, रचना रिचर्ड बर्गची. दोन्ही बाजूंना पाच-पाच माणसं बसवायची अशी अपेक्षा, नकाशा दहा फुटांच्या आसपास, आणि पुरा डाव खेळायला हजार तासांच्या वर लागतात असं म्हणतात. त्यात पेट्रोल उडून जातं. इटालियन तुकड्यांना पास्ता शिजवायला जास्तीचं पाणी द्यावं लागतं, हा नियम तर जगभर प्रसिद्ध आहे. लोक त्यावर हसतात. मला पेट्रोल उडण्याचा नियम मात्र हसण्यासारखा वाटत नाही. ब्रिटिशांचे पत्र्याचे पातळ डबे वाटेतच गळायचे, जर्मनांचा जेरीकॅन टिकायचा, म्हणून ब्रिटिश सापडेल तो जर्मन डबा उचलून वापरत आणि पुढे त्यांनी त्याची नक्कलच केली. तरीही, ज्याच्याकडे दहा फुटांचं टेबल आणि नऊ रिकामे मित्र नाहीत त्यानं त्या पेटीच्या मागे लागू नये. ती जुन्या बाजारात महाग जाते आणि कपाटात पडून राहते.

भागाकार आधी शिका

आफ्रिका कोरसारख्या खेळात हल्ला म्हणजे भागाकार. तुमच्या काउंटरांचे हल्ल्याचे आकडे मिळवा, समोरच्याच्या बचावाच्या आकड्यानं भागा, खालचा अपूर्णांक सोडून द्या. सोडायचा तो नेहमी बचाव करणाऱ्याच्या फायद्यात. तुमचे २० आणि त्याचे ७ असतील तर गणित २:१. एक पॉइंटाचा काउंटर आणखी आणला की २१, म्हणजे ३:१. त्या एका पॉइंटात मोठा फरक आहे. जुन्या तक्त्यात २:१ ला तुमचाच सफाया होण्याचा निकाल आहे. ३:१ ला तो नाही. वाईटात वाईट अदलाबदल होते, त्याचे जितके पॉइंट गेले तितके तुमचेही जातात. म्हणून हे खेळणारा माणूस चाल संपवण्याआधी बोटांवर काहीतरी मोजताना दिसतो. तो प्रार्थना करत नसतो, कुठून एक पॉइंट सापडतो का ते बघत असतो.

दुसरी गोष्ट, शत्रूच्या शेजारी उभं राहिलात की लढावं लागतं, आणि शेजारच्या सगळ्यांशी. तीन ठिकाणी शत्रू असेल तर दोन ठिकाणी लहानशी तुकडी बळी द्यायची आणि तिसऱ्या ठिकाणी सगळी ताकद लावायची. शिकणाऱ्याला हे निर्दय वाटतं. पण कोणता काउंटर बळी द्यायचा हे ठरवता येऊ लागलं की खेळ आला समजा.

तटबंदीच्या गावात बचाव दुप्पट. लिबियाच्या किनाऱ्यावरच्या तोब्रुक बंदरात ७ पॉइंटांची शिबंदी असेल तर ती १४ ची होते. ३:१ साठी ४२ हवेत. एका घरात तीनच काउंटर मावतात, आणि तोब्रुकच्या एका अंगाला समुद्र. इतके पॉइंट आणणार कुठून आणि उभे करणार कुठे? रोमेललाही एप्रिल १९४१ मध्ये हाच प्रश्न पडला होता. ऑस्ट्रेलियाच्या नवव्या डिव्हिजननं त्याला आत येऊ दिलं नाही, आणि वेढा नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालला.

आता रसद

आफ्रिका कोरमध्ये हल्ला करायचा तर रसदीचा काउंटर जवळ लागतो, आणि हल्ल्यात तो खर्ची पडतो. जर्मनांचा नवा काउंटर येणार की नाही हे फाशावर. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश विमानांनी आणि पाणबुड्यांनी जहाज बुडवलं तर त्या चालीला काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शत्रूची रसद पळवता येते, म्हणून रसदीचा काउंटर कधी एकटा रस्त्यावर सोडू नका. नवा खेळाडू हमखास सोडतो, कारण त्याची नजर पुढे टँकवर असते.

माझी पद्धत सांगतो. जर्मन बाजू घेतली की मी रसदीचे काउंटर मनातल्या मनात दोन भागांत वाटतो. एक जाण्याचा, एक थांबण्याचा. जाण्याचा संपला की पुढे कितीही मोकळं रान दिसो, थांबायचं. एसटीतून रिटायर झालेले आमचे एक काका माझ्याशी खेळायला बसतात. त्यांना इंग्रजी नियम वाचता येत नाहीत, जर्मनांची नावं तर ते स्वतःच्या मनानं ठेवतात. पण पहिल्याच डावात मी बेनगाझीवरून सुसाट निघालो तेव्हा पटाकडे बघत म्हणाले, "गाडी पुढं नेणं सोपं हाय बाप्पा, वापस आणाले डिझल ठेवलं का?" जर्मन टँक पेट्रोलवर चालायचे हे सोडा, बाकी सगळी मोहीम त्या वाक्यात आली.

रोमेल इन द डेझर्ट याच गोष्टीला वेगळ्या अंगानं भिडतो. क्रेग बेसिंकची रचना, कोलंबिया गेम्स, १९८२. यात काउंटर नाहीत, लाकडी ठोकळे आहेत. ठोकळा उभा ठेवायचा, छापलेली बाजू आपल्याकडे. समोरच्याला कोरी पाठ दिसते. मार बसला की ठोकळा फिरवायचा, वरच्या कडेला येईल तो आकडा म्हणजे उरलेली ताकद. रसद पत्त्यांत येते, आणि त्यांतले काही पत्ते फुसके असतात. एक पत्ता टाकला तर साधी चाल, दोन टाकले तर मोठी, तीन टाकले तर ब्लिट्झ, म्हणजे सगळ्यात मोठी. समोरचा हातात पाच पत्ते धरून बसला आहे. खरे किती, फुसके किती, तुम्हाला कळत नाही. तो गप्प बसला तर साठवतोय की रिकामा आहे? तीन पत्तीत ज्याचा चेहरा वाचता येत नाही त्यानं इथे जर्मन बाजू घ्यावी. वाळवंटी खेळांत एकच ठेवा म्हणालात तर मी हाच ठेवीन. एक अडचण आहे: लपवाछपवीचा खेळ असल्यामुळे एकट्यानं खेळण्यात मजा नाही.

जोडीदार नसेल तेव्हा

कापसाचा हंगाम चालू असताना मला वेळ नसतो, आणि हंगाम संपून जिनिंग बंद झालं की गावात लग्नं असतात. म्हणून एकट्यानं खेळणं शिकून घ्या. आफ्रिका कोर, डीएके असे उघडे खेळ दोन्ही बाजूंनी खेळता येतात. युक्ती अशी: चाल सुरू करण्याआधी त्या बाजूचे दोन बेत वहीत लिहा आणि कोणता वापरायचा ते फाशावर सोडा. १ ते ४ पहिला, ५-६ दुसरा. यानं स्वतःलाच फसवता येतं. आपण कोणत्या बाजूचे हे मनात ठरलेलं असतं, आणि फासा त्याला आळा घालतो. चाल संपली की मोबाइलवर वरून एक फोटो काढा. मांजर, पोरं, पाहुणे, काहीही होवो, पट परत लावता येतो.

दुसरा मार्ग व्हॅसल. हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर चालतं. शेकडो खेळांचे पट आणि काउंटर त्यात मिळतात. ई-मेलनं एक-एक चाल पाठवत खेळता येतं, म्हणून नेट मंद असलं तरी बिघडत नाही. फाइल लहान असते. नियमपुस्तिका मात्र त्यात नसते, ती वेगळी मिळवावी लागते. बऱ्याच प्रकाशकांच्या साइटवर नियमांची पीडीएफ फुकट ठेवलेली असते. विकत घेण्याआधी ती वाचा. वाचताना झोप आली तर पैसे वाचले.

गावात जोडीदार तयार करायचा असेल तर नियमपुस्तिका त्याच्या हातात देऊ नका. एका पानावर मराठीत चालीचा क्रम लिहा: रसद आली का बघा, हला, लढा, समोरच्याची पाळी. निकालाचा तक्ता मागच्या बाजूला. लॅमिनेशन करून घ्या, झेरॉक्सवाला दोन मिनिटांत करून देतो. आमच्या काकांकडे तेच पान असतं आणि आता ते माझ्याच चुकांवर बोट ठेवतात.

डाव निवडताना अल अलामेनची दुसरी लढाई पहिल्या वर्षी टाळा. नाव मोठं म्हणून लोक तिच्यावर उडी मारतात. पण तिथे उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला कतारा खड्डा, मध्ये पासष्ट किलोमीटरची पट्टी, त्यात साडेचार लाखांच्या आसपास सुरुंग. बाजू वळवायला जागा नाही. वाळवंटाची सगळी गंमतच निघून जाते, उरते नुसती ढकलाढकली. क्रुसेडर किंवा गझाला घ्या.

विकत घेताना

आपल्याकडे हे खेळ दुकानात फारसे मिळत नाहीत. नवा खेळ ऑनलाइन विक्रेत्याकडून, जुना परदेशातल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या जमवणाऱ्याकडून. परदेशातून मागवाल तर खेळाची किंमत, टपालखर्च आणि कस्टम ड्युटी या तिन्हींची बेरीज करून मगच हो म्हणा. पेटी जड असते आणि कधी टपालखर्चच खेळाला भारी पडतो. पत्ता देताना तालुका, पिनकोड आणि मोबाइल नंबर नीट लिहा. आमच्याकडे कुरिअर गावात येत नाही, म्हणून मी पोस्टानंच मागवतो.

जुना खेळ घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. काउंटर मोजले आहेत का? नकाशाच्या घड्यांवर चीर आहे का? पेटीला ओलीचा वास येतो का? तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. चीर चिकटवता येते, वास जात नाही. काउंटर अजून पुठ्ठ्याच्या चौकटीतून काढलेले नसतील तर जमवणारे त्याला जास्त पैसे मोजतात. तुम्ही खेळणारे असाल तर त्याचे पैसे कशाला देता? काढलेले पण पूर्ण असलेले घ्या.

एक-दोन काउंटर कमी निघाले तरी सौदा सोडू नका. त्यांचा स्कॅन मिळतो. यवतमाळ, वर्धा कुठेही डिजिटल प्रिंटवाल्याकडे स्टिकर शीटवर छापून घ्या, वहीबाइंडिंगवाल्याकडून दीड-दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा आणा, चिकटवून स्टीलच्या पट्टीवर कटर चालवा. कटर एकदाच जोरात ओढू नका, चार-पाच हलक्या फेऱ्यांत कापा, नाहीतर कडा फुगतात. पातळ फेविकॉल लावलं तर पुठ्ठा वाकतो. स्टिकर नसेल तर ग्लू स्टिक बरी. नव्या काउंटरांचे कोपरे नेलकटरनं किंचित उडवा. गंमत म्हणून नाही, कोपऱ्यांवरचे धागे निघाले की तीन काउंटरांची चळत सरळ उभी राहते.

काय जमवावं? कंपनीप्रमाणे जमवणारे असतात, रचनाकाराप्रमाणे जमवणारे असतात. मी एका लढाईप्रमाणे जमवतो. गझालाची लढाई चार वेगळ्या माणसांनी कशी मांडली ते शेजारी ठेवून बघितलं की कळतं कोण काय महत्त्वाचं मानतो. एकाच्या खेळात बिर हकीमची फ्रेंच शिबंदी सगळा डाव रोखून धरते, दुसऱ्याच्यात दोन चालींत उडते. नियतकालिकांसोबत येणारे खेळही बघा. स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स हे अमेरिकन नियतकालिक १९६९ पासून अंकासोबत खेळ देत आलं आहे. पातळ असतात, टपालात हलके, आणि जुने अंक अजून सापडतात.

सांभाळताना

आमच्याकडे कागदाचे तीन वैरी. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात ओल, आणि बारा महिने उधई, म्हणजे वाळवी.

कूलरचं आधी. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते तशीच ओली असते. पट कूलरसमोर पसरून ठेवला तर दुपारपर्यंत जोडलेल्या पुठ्ठ्याचे कोपरे वर उचलले जातात आणि कागदी नकाशा गादीसारखा फुगतो. टेबल कूलरच्या झोताच्या बाजूला लावा, समोर नाही. काचवाल्याकडून नकाशाच्या मापाची तीन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट कापून आणा आणि नकाशावर ठेवा. नकाशा सपाट राहतो, घड्या बसतात, चहा सांडला तर पुसता येतो. पंख्याचा वारा मात्र काउंटरना लागतोच. त्यांना जड करायचा उपाय नाही, पंखा एक नंबरवर ठेवायचा.

पावसाळ्याआधी सगळ्या पेट्या उघडून नकाशे एक दिवस घरातल्या कोरड्या जागी पसरा. उन्हात नाही, रंग उडतो. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकत असाल तर त्या आधी मेच्या उन्हात वाळवून घ्या, नाहीतर त्या आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात. डांबरगोळ्या पेटीत नको, वास काउंटरना कायमचा बसतो. कडुनिंबाचा पाला चालतो, पण नकाशाला लागू देऊ नका, डाग पडतात. काउंटरसाठी जनरल स्टोअर्समधला मणी-टिकल्या ठेवायचा कप्प्यांचा डबा सगळ्यात बरा. एका कप्प्यात एक डिव्हिजन, झाकणावर कागदाची चिठ्ठी.

उधईला मात्र दया नाही. लाकडी कपाट मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलं की ती भिंतीतून कपाटात आणि कपाटातून पेटीत येते, आणि पेटी बाहेरून शाबूत दिसते. लोखंडी आलमारी घ्या, भिंतीपासून वीतभर लांब, पायांखाली विटा. महिन्यातून एकदा खालची पेटी उचलून तळाला बोट फिरवा. मातीची रेघ लागली तर त्याच दिवशी सगळं बाहेर.

घरी करायचा एक डाव

हे सगळं जमलं की स्वतःचा छोटा डाव मांडून बघा. मी २० जून १९४२ चा तोब्रुक मांडतो, कारण त्या दिवशी तटबंदीचा जो आग्नेय भाग फुटला तिथे ११ व्या भारतीय ब्रिगेडमधली ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. मोठ्या खेळांत भारतीय ब्रिगेडचा एक काउंटर असतो, त्यात ही बटालियन दिसत नाही. घरी केलेल्या डावात दिसते.

एक कागद घ्या, षटकोनांचा प्रिंट काढा. खालच्या उजव्या अंगाला तटबंदी, वर डाव्या हाताला बंदर, मध्ये रस्त्यांचा तिठा, ज्याला ब्रिटिश किंग्ज क्रॉस म्हणायचे. टँक अडवायचा खंदक काढा, पण काही घरांत तो बुजलेला ठेवा. खरोखरही तो तिथे वाळूनं भरत आला होता आणि बरेच सुरुंग आधीच्या महिन्यांत उचलून गझालाच्या फळीला नेले होते. मराठ्यांच्या बटालियनचे चार काउंटर, एका कंपनीला एक. मागे राखीव ब्रिटिश टँक दोन. जर्मनांना १५ वी आणि २१ वी पँझर, त्यांच्यापुढे इंजिनिअर आणि सगळ्यात आधी स्टुका ही बॉम्बफेकी विमानं.

पहिली चाल पहाटेची. स्टुका तीन घरांवर फासे टाकतात, ६ आला तर त्या घरातली कंपनी एक चाल गप्प. दर चाल दोन तासांची, एकूण आठ. ब्रिटिशांचे राखीव टँक हलवायचे तर प्रत्येक चालीला फासा: पहिल्या दोन चालींत ६ लागेल, पुढे ५-६, नंतर ४-६, कारण हल्ला खरा कुठे आहे हे वर कळायलाच वेळ गेला होता. आठवी चाल संपायच्या आत जर्मन काउंटर बंदरावर पोचला तर जर्मन जिंकले. इतिहासात २१ वी पँझर त्याच संध्याकाळी बंदरात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या शिबंदीचा सेनापती जनरल क्लॉपरनं शरणागती दिली.

ब्रिटिश बाजूला एक जास्तीची सूट द्या. बंदर पडलं तरी शेवटच्या चालीआधी गोदामाच्या घरात एक काउंटर असेल आणि फाशावर ४ च्या वर आले तर गोदाम जाळलं असं धरा. मग जर्मनांचा विजय अर्धाच. रोमेलला तोब्रुकात दोन हजारांच्या आसपास गाड्या, पेट्रोल आणि हजारो टन शिधा आयता मिळाला आणि त्यावर तो इजिप्तात शिरला, म्हणून हा नियम ठेवला आहे. काका ब्रिटिश बाजू घेतात तेव्हा पहिल्या चालीपासून एक काउंटर गोदामावर बसवून ठेवतात आणि कितीही मार पडला तरी हलवत नाहीत. जर्मन बाजूनं त्याला उत्तर एकच आहे: १५ वी पँझर तिठ्यावर थांबवा, २१ वी थेट गोदामाकडे घाला, आणि बंदर सातव्या चालीसाठी ठेवा.